'नो'ला स्लोव्हेनियनमध्ये काय म्हणतात? काय वेम!

लांबची_चिमणी (धागाकर्ती)

मंडळी, आधीच सांगते, हा 'नो' नकारातला नव्हे. के-एन-ओ-डब्ल्यूवाला, माहीत असण्यातला.

चार वर्षांपूर्वी ल्युब्लियानाला, म्हणजे स्लोव्हेनियाच्या राजधानीत, आले तेव्हा फोनवर एक शब्दयादी केली होती. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे स्लोव्हेनियन. 'आय नो' समोर 'वेम' आणि 'आय डोन्ट नो' समोर 'ने वेम'. एवढ्यावर पहिला महिना सहज निघेल असं वाटलं होतं.

पहिला फटका मंडईत बसला. इथे नदीकाठी मोठी मंडई भरते. थंडी सरता सरता तिथे रेग्रात नावाची पालेभाजी येते. आपण ज्याला तण म्हणून उपटून टाकू, त्या डँडेलियनची कोवळी पानं. उकडलेला बटाटा, अंडं आणि भोपळ्याच्या बियांचं काळपट हिरवं तेल घालून त्याची कोशिंबीर करतात. चवीला कडू, पण सवय लागते. मी त्या ढिगाकडे बघत होते तर भाजीवाल्या आजी म्हणाल्या, "पोझ्नाते रेग्रात?" मला त्यातलं 'रेग्रात' कळलं, कारण पाटीवर तेच लिहिलं होतं. मी ठणकावून म्हटलं, "ने वेम." आजींनी किंमत सांगितली. मी पुन्हा "ने वेम." मग त्यांनी वजन सांगितलं. शेवटी एक पान तोडून माझ्या हातावर ठेवलं आणि खायची खूण केली.

दुसरा फटका पोहण्याच्या तलावावर. लेकीला वर्गात घालायचं होतं. प्रशिक्षकाने तिच्याकडे बोट करून विचारलं, "झ्ना प्लावाती?" प्लावाती म्हणजे पोहणे, हे पाठ होतं. मी म्हटलं, "वेम!" तो वाट बघत उभा राहिला. मीही उभी राहिले. म्हणजे त्याने विचारलं "हिला पोहता येतं का?" आणि मी सांगितलं "मला माहीत आहे". माहीत आहे तर बोला ना बाई, असा त्याचा चेहरा.

रात्री आईला फोनवर हे सगळं सांगत होते. "अगं, ती विचारत होती *ओळखता* का, आणि तो विचारत होता *येतं* का, आणि मी आपली दोघांनाही *माहीत*..." आणि तिथेच जीभ अडली. कारण इंग्रजीत एकाच शब्दात कोंबलेली जी गोष्ट मला महिनाभर छळत होती, ती मी आईला मराठीत तीन वेगवेगळ्या शब्दांत अगदी बरोबर सांगत होते!

तर यादी अशी:

वेम (मूळ क्रियापद वेदेती) : मला माहीत आहे
झ्नाम (झ्नाती) : मला येतं
पोझ्नाम (पोझ्नाती) : मी ओळखते

(झ हा झाडातला घ्या, पण हलका. व अगदी आपलाच.)

चूक माझी एवढीच की मी सांगलीहून ल्युब्लियानाला लंडनमार्गे चालले होते. तेव्हापासून शब्दयादीतला इंग्रजी रकाना काढून तिथे मराठी लिहिते.

इथे जर्मन, रशियन, संस्कृतवाले बरेच आहेत. हे जुळणं किती खरं आणि किती माझ्या मनाचं, ते सांगा.

टकमक

पहिला! मस्त धागा. पण गाण्याचं काय? 'मला हे गाणं माहीत आहे' हे तिन्हींपैकी कशात बसवाल?

लांबची_चिमणी

@टकमक, बरोब्बर दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. तिन्हींत बसतं, अर्थ तीन.

'पोझ्नाम पेसेम' म्हणजे गाणं ऐकलेलं आहे, लागलं की ओळखीन. 'झ्नाम पेसेम' म्हणजे मला ते येतं, म्हणून दाखवीन. तोंडपाठ असेल तर 'झ्नाम ना पामेत'. पामेत म्हणजे अक्कल, बुद्धी. आणि 'वेम, ग्दो पोये' म्हणजे कोण गातंय ते मला माहीत आहे.

शाळेच्या स्नेहसंमेलनात दुसऱ्या पालकांनी एका गाण्याबद्दल विचारलं तेव्हा मी नम्रपणे 'झ्नाम' म्हटलं होतं. म्हणायचं होतं 'ऐकलंय'. माईक हातात आला. पुढचं विचारू नका.

पेठेतला

बरीच वर्षं जर्मन शिकवतो, त्यामुळे राहवत नाही. जर्मनमध्येही तीन आहेत: विसेन, केनेन आणि क्योनेन. पुण्यात जर्मनच्या पहिल्या पातळीवरची पोरं नेमकी इथेच आपटतात, कारण शाळेपासून डोक्यात इंग्रजी. मी वर्गात हेच सांगतो, आधी मराठीत बोला, मग जर्मनमध्ये. फ्रेंचमध्ये दोनच, साव्हवार आणि कोनेत्र, आणि पोहता येणं तिथे साव्हवारच्या खात्यात जातं.

पण एक शंका. क्योनेनमध्ये 'येणे' आणि 'शकणे' दोन्ही येतं. झ्नातीचंही तसंच का?

लांबची_चिमणी

@पेठेतला सर, नाही, आणि इथे मराठी जर्मनच्याही पुढे जाते. 'ने झ्नाम प्लावाती' म्हणजे मला पोहता येत नाही. 'ने मोरेम प्लावाती' म्हणजे मी पोहू शकत नाही: हात प्लास्टरमध्ये आहे, सर्दी झाली आहे. आपण हा फरक विचार न करता करतो. होकारात 'शकते'साठी 'लाह्को' येतं, 'लाह्को प्लावाम'. नकारात मात्र ते चालत नाही, तिथे 'ने मोरेम'च हवं.

वैदिक_गर्जना

वेदेती! अहो हा सरळ सरळ वेद आहे. झ्नाती म्हणजे ज्ञान. यावरून स्लोव्हेनियन भाषा संस्कृतातूनच निघाली हे सिद्ध होतं. तिथे अस्वलाला 'मेदवेद' म्हणतात, म्हणजे मधाचा वेद जाणणारा. आणखी काय पुरावा हवा?

टकमक

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

निवृत्त_शास्त्री

चिमणीताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी, मग गर्जनासाहेबांकडे येतो.

जुळणं खरं आहे, पण ते दोन प्रकारचं आहे. शब्दांचं मूळ एक असणं वेगळं आणि अर्थाची वाटणी सारखी असणं वेगळं. मराठीतले 'माहीत', 'येणे', 'ओळखणे' यांचा स्लोव्हेनियन शब्दांशी काहीही नातेसंबंध नाही, फक्त कामाची वाटणी सारखी झाली आहे. नातं आहे ते संस्कृतशी, आणि ते मात्र थक्क करणारं आहे.

'वेम' घ्या. संस्कृतात 'मी जाणतो' म्हणजे वेद्मि. मधला द गळाला की वेम. आता तुम्ही रोज वापरत असाल अशी आणखी तीन रूपं सांगतो: 'सेम' म्हणजे मी आहे, संस्कृत अस्मि. 'येम' म्हणजे मी खातो, संस्कृत अद्मि. 'दाम' म्हणजे मी देतो, संस्कृत ददामि. आज स्लोव्हेनियनमधल्या जवळजवळ सगळ्या क्रियापदांना प्रथमपुरुषी म लागतो, पण तो पुढे पसरलेला. या चौघांचा मात्र वडिलोपार्जित.

आणि द्विवचन! मराठीने ते केव्हाच टाकून दिलं, स्लोव्हेनियनने आजतागायत सांभाळलं. युरोपातल्या आजच्या राजभाषांमध्ये इतकं नांदतं द्विवचन दुसरीकडे सापडणार नाही. 'असणे'ची रूपं शेजारी शेजारी ठेवा. संस्कृत: अस्मि, स्वः, स्मः. स्लोव्हेनियन: सेम, स्वा, स्मो. मी आहे, आम्ही दोघे आहोत, आम्ही आहोत. हे प्रथम वाचलं त्या दिवशी माझा चहा गार झाला होता.

झ्नातीचं मूळ ज्ञा हे गर्जनासाहेबांचं म्हणणं अर्धं बरोबर. झ्नान म्हणजे ज्ञात, नेझ्नान म्हणजे अज्ञात, झ्नान्ये म्हणजे ज्ञान. पण हे आजी-नातीचं नातं नाही, बहिणींचं आहे. दोघींच्याही आधीची एक मूळ भाषा होती. तिच्यातला एक ध्वनी संस्कृतात ज झाला, स्लाव्ह भाषांत झ झाला आणि इंग्रजी-जर्मनकडे क झाला. म्हणून ज्ञा, झ्ना आणि इंग्रजी 'नो' ही एकाच घरची लेकरं. इंग्रजीने तो क स्पेलिंगमध्ये ठेवला आणि उच्चारताना गिळला. दुसरं उदाहरण हवं तर दात: स्लोव्हेनियन झोब, संस्कृत जम्भ, आणि इंग्रजीतला दातेरी कंगवा, कोम. तोही क.

अस्वलाबद्दल. मेदवेदमध्ये वेद नाही. मेद म्हणजे मध हे खरं, पण पुढचा भाग 'खाणारा' आहे, आपला अद् धातू. मधु अधिक अद्. ऋग्वेदात मध्वद हाच शब्द आलेला आहे, फक्त तिथे तो मध खाणाऱ्या पक्ष्यांसाठी आहे. जुन्या स्लाव्ह लोकांनी अस्वलाचं खरं नाव घेणंच टाळलं, नाव घेतलं की ते हजर होतं म्हणून. आपल्याकडे रात्री सापाला जनावर म्हणतात तसं. म्हणून 'मध खाणारा'.

वैदिक_गर्जना

अर्धं बरोबर म्हणालात, तेवढं घेतो.

रानवारा

शास्त्रीबुवा, दंडवत. वाखुसा (वाचनखूण साठवली).

आमच्या कोल्हापूरकडं कुणी काय विचारलं तर 'काय म्हाईत!' म्हणत्यात. म्हणजे माहीत नाही, आन विचारू पण नको. असलं काय हाय का तिकडं?

लांबची_चिमणी

@रानवारा, तुम्ही हा प्रश्न विचाराल म्हणून तर शीर्षक तसं दिलं. 😄

स्लोव्हेनियनमध्ये 'काय' म्हणजे काय? काय! अक्षरशः. प्रश्नार्थक 'काय'चा उच्चारही काय, अर्थही काय. पहिल्या आठवड्यात बसमध्ये मागून कोणीतरी "काय?" म्हणालं आणि मी आनंदाने वळून "तुम्ही कुठले?" विचारलं होतं.

तर 'काय वेम' म्हणजे काय माहीत. जोर द्यायचा असेल तर 'काय पा याझ वेम', म्हणजे 'मला काय माहीत!' याझ म्हणजे मी. खांदे उडवणंही तेच. ल्युब्लियानातली तरुण मंडळी काय ऐवजी 'क्वा' म्हणतात, त्यामुळे 'क्वा याझ वेम' ऐकू आलं तरी दचकू नका.

आणखी: 'ग्दो वे' म्हणजे कोण जाणे. 'बोग वे' म्हणजे देव जाणे. 'साय वेश' म्हणजे तुला माहीतच आहे की. हे सगळं वेदेतीच्या घरातलं. आणि चेहऱ्यावरून दमलेला ओळखू येतो, हे ते 'पोझ्ना से' असं म्हणतात, तेही 'ओळखणे'मधूनच.

शास्त्रीबुवा, काय आणि काय हा योगायोग ना?

निवृत्त_शास्त्री

क नातेवाईक, बाकी योगायोग. कः, किम्, कुत्र यांतला प्रश्नाचा क दोन्हीकडे वडिलोपार्जित आहे. पुढचा 'आय' मात्र दोघांनी आपापल्या वाटेने मिळवला. शेजारच्या क्रोएशियातल्या बोलींच्या एका गटाला तर या शब्दावरूनच कायकावियन म्हणतात. 'काय' म्हणणाऱ्यांची बोली. त्या हिशोबाने आपणही कायकावियनच.

टकमक

कायकावियन! सहीत टाकतो आजपासून.

मांडवीचो

आमच्या कोकणीत माहीत नाही म्हणजे 'म्हाका खबर ना'. बातमी आणि माहीत असणं एकच. स्लोव्हेनियनमध्ये खबरीचा असा काही संबंध?

लांबची_चिमणी

@मांडवीचो, आहे! वेदेतीच्याच घरातला 'वेस्त' शब्द म्हणजे बातमी. आणि तसाच दुसरा 'वेस्त' म्हणजे सदसद्विवेक. मन खातं ना आपल्याला, ती वेस्त. 'मला काल कळलं' यासाठी मात्र इझ्वेदेती: पुरुष 'इझ्वेदेउ सेम' म्हणेल, मी 'इझ्वेदेला सेम'. आणि सांगणे म्हणजे पोवेदाती.

निवृत्त_शास्त्री

पोवेदाती म्हणजे मुळात 'कळेल असं करणे'. हुबेहूब आपलं निवेदन. विद् धातूचंच ते प्रयोजक रूप.

लांबची_चिमणी

अरे देवा. इथे निवेदकाला 'नापोवेदोवालेत्स' म्हणतात आणि हवामानाच्या अंदाजाला 'नापोवेद'. रोज ऐकते आणि कधी लक्षात आलं नाही.

कोडेकर

अॅपच्या मजकुराचं भाषांतर तपासण्याचं काम करतो, मराठीचं. आमच्या चमूत स्लोव्हेनियनवाली मुलगी आहे. दोघांचं दुखणं एकच निघालं. मूळ मजकूर इंग्रजीत येतो, यंत्र आधी भाषांतर करतं आणि आम्ही मागून झाडू मारतो.

गेल्या महिन्यात एका फॉर्मवर तीन ओळी होत्या, तिन्हींत 'नो'. पहिली, अधिक माहितीचं बटण. तिने 'इझ्वेदीते वेच' केलं, मी 'अधिक जाणून घ्या'. दुसरी, या व्यक्तीला तुम्ही ओळखता का, तिथे पोझ्नाते. तिसरी, कोणकोणत्या भाषा येतात, तिथे झ्नाते. यंत्राने मराठीत तिसऱ्या ओळीला काय दिलं होतं? 'तुम्हाला कोणत्या भाषा माहीत आहेत?' म्हटलं, मला साठेक भाषा माहीत आहेत. येतात तीन.

बँकेच्या केवायसीचीही गंमत आहे. तिकडे ग्राहकाला 'स्त्रान्का' म्हणतात आणि राजकीय पक्षालाही स्त्रान्काच. म्हणजे 'आपला ग्राहक ओळखा' आणि 'आपला पक्ष ओळखा' एकाच शब्दात. दुसरं जास्त अवघड.

पेठेतला

चिमणीताई, पण सगळंच इतकं गोड नसणार. मराठीवरून गेलं तर कुठे फसतो तेही सांगा, नाहीतर माझे विद्यार्थी हा धागा वाचून उद्या माझ्याशी भांडतील.

लांबची_चिमणी

@पेठेतला सर, फसते की. रोज.

पहिला खड्डा 'माहीत' हाच. आपण माहीतच्या आधी काहीही लावतो: मला पुणं माहीत आहे, तो माणूस माहीत आहे, रस्ता माहीत आहे. वेमला सहसा पुढे अख्खं वाक्य लागतं: 'वेम, दा...' म्हणजे 'मला माहीत आहे की...'. किंवा 'ते', 'सगळं', 'काही नाही', 'उत्तर' असलं काहीतरी. शहर, माणूस, रस्ता आला की पोझ्नाम. वेम वापरायचंच असेल तर 'वेम झा...' म्हणजे अमुक एक जागा आहे हे ठाऊक आहे, इतपत. आमच्या शिक्षिकेने फळ्यावर लिहिलं होतं: वेमपुढे वाक्य, पोझ्नामपुढे नाम, झ्नामपुढे क्रियापद किंवा शिकलेली गोष्ट. अपवाद आहेत, पण या काठीने बरंच अंतर चालता येतं.

आणि पोझ्नाम नकारात गेलं की पुढच्या नामाची विभक्ती बदलते. 'पोझ्नाम ल्युब्ल्यानो', पण 'ने पोझ्नाम ल्युब्ल्याने'. ओळखत नाही म्हटल्याबरोबर शहराचा शेवट बदलतो. याची सवय अजून होते आहे.

दुसरा खड्डा 'ओळखणे'. आपलं ओळखणे फार पसरट. आवाजावरून ओळखलं, तर प्रेपोझ्नाती. ओळख पाहू, हे कोडं, तर उगानीती. नव्याने ओळख झाली, तर स्पोझ्नाती. नुसता चेहरा ओळखीचा आहे, तर 'पोझ्नाम ना विदेस'.

तिसरा खड्डा शेजाऱ्यांमुळे. सर्बियन-क्रोएशियनमध्ये माहीत असण्यालाही झ्नातीच चालतं. इथे तिकडून आलेली बरीच माणसं आहेत, ती 'ने झ्नाम' म्हणतात. मी ऐकून ऐकून तसंच म्हणायला लागले. शेजारच्या काकूंनी हळूच दुरुस्त केलं. आमच्याकडे 'ने वेम' म्हणतात हो. अगदी सदाशिव पेठेच्या सुरात. (सर, राग मानू नका.)

आणि चौथा, सगळ्यात विनोदी. स्लोव्हेनियनमध्ये 'मी' म्हणजे आम्ही! 'मी वेमो' म्हणजे आम्हाला माहीत आहे. वर्षभर लोक 'मी' म्हणाले की मला एकच माणूस दिसायचा.

पेठेतला

राग कसला, पेठेत हे कौतुकच. पण मग 'आपण' आणि 'आम्ही'?

लांबची_चिमणी

तो फरक त्यांच्याकडे नाही. 'मी वेमो' म्हणजे आपल्याला पण आणि आम्हाला पण. समोरचा त्यात आहे की नाही हे संदर्भावरून. मात्र दोघंच असू तर मीद्वा वेवा, दोघी बायका असू तर मीद्वे वेवा. त्यांना माणसं मोजायची आहेत, आपल्याला समोरचा आत की बाहेर ते बघायचंय. मैत्रिणीला हे समजावलं तर ती म्हणाली, मग तुमच्याकडे प्रेमात पडलेली दोन माणसं बोलतात कशी? म्हटलं, 'आपण दोघं' म्हणतात. ती म्हणाली, दोन शब्द लागतात?

रानवारा

आयला.

टकमक

कुठला शब्दकोश वापरता? घरबसल्या खेळायला हवा आहे.

लांबची_चिमणी

@टकमक, फ्रान नावाचं पोर्टल आहे, फुकट. ल्युब्लियानातल्या विज्ञान अकादमीच्या संशोधन केंद्रातल्या भाषा-संस्थेने चालवलेलं. प्रमाण स्लोव्हेनियनचा मोठा कोश १९७० ते १९९१ या काळात पाच खंडांत निघाला, २०१४ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. ते सगळं तिथे शोधता येतं, व्युत्पत्तिकोशही आहे. गंमत म्हणजे छापील कोशाचं काम युगोस्लाव्हियात सुरू झालं आणि शेवटचा खंड आला त्याच वर्षी देश स्वतंत्र झाला. झ्नाती टाकून बघा, नोंद संपता संपत नाही. त्यातलाच एक बोलीतला उपयोग, 'झ्ना बीती': म्हणजे 'असेलही'. शिक्षिका नाक मुरडतात, टॅक्सीवाले सर्रास म्हणतात.

पहिलटकरीण

खूप छान धागा, पुलेशु (पुढील लेखनाला शुभेच्छा). आम्ही दोघं मे महिन्यात ब्लेडला जाणार आहोत, तळं आणि ती क्रीमची वडी, एवढाच कार्यक्रम. कामचलाऊ दोन वाक्यं द्याल का? इंग्रजी चालेल ना?

लांबची_चिमणी

@पहिलटकरीण, इंग्रजी चालेल, पण हे पाठ करा: "ओप्रोस्तीते, अली वेस्ते, क्ये ये अव्तोबुस्ना पोस्ताया?" माफ करा, बस स्टँड कुठे आहे माहीत आहे का? वेस्ते हे आदरार्थी आहे, आपल्या 'तुम्हाला'सारखं. समोर ओळखीची दोन माणसं असतील तर वेस्ता. क्रीमच्या वडीला क्रेम्श्निता म्हणतात, एक दोघांत पुरते, पण दोन घ्या.

समोरच्याला ऐकू आलं नाही तर सभ्य माणूस "प्रोसिम?" म्हणेल, घाईतला "काय?" म्हणेल. मराठीत उत्तर देऊ नका.

पहिलटकरीण

😀 आणि हरवलोच आणि कोणी काही विचारलं तर?

लांबची_चिमणी

दोघं हरवलात तर 'ने वेवा'. भांडून एकटीच हरवलात तर 'ने वेम'.